केळीच्या गाडीआडून

सावद्याच्या नाक्याशी, विजेच्या खांबावर
आम्ही एक राखाडी डबा बांधला.
वायरमन कोळंबे खाली उभा राहून म्हणाला,
मॅडम, यात कॅमेरा आहे का?
नाही म्हटलं. हा फक्त ऐकतो.
तेव्हापासून त्या खांबाखाली तंबाखू मळताना
तो बायकोबद्दल काही बोलेनासा झाला.

दुसरा डबा कॉलेजच्या बोलेरोत.
तिसरा जुम्माभाई तडवींच्या आयशरमध्ये,
आरशाला लटकलेल्या तसबीहच्या शेजारी.
सेकंदाला दहा वेळा प्रत्येक डबा म्हणतो:
मी इथे. इतका वेग. या दिशेने.
मी इथे. इतका वेग. या दिशेने.
अंधारात न्हाणीकडे जाताना
लहान मूल मोठ्याने गात जातं, तसं.

जळगावात, प्रयोगशाळेत, पडद्यावर
माझ्या शंभर गाड्या कधीच आदळल्या नाहीत.
तिथे रस्ता सरळ, गाड्या म्हणजे ठिपके,
आणि ठिपक्यांना झोप येत नाही,
घड मोजून घेणारा शेठ नसतो.

इथे पहिल्याच फेरीत
शंभरातली एकेचाळीस पाकिटं हरवली.
अँटेना बदलला. वायरी दाबून पाहिल्या.
कोळंबेला उगाच ओरडले.
मग लक्षात आलं, आयशर भरलेली होती,
घडांवर ओल्या पानांचे थर,
आणि पाणी लहरी पिऊन टाकतं.
माझ्या बापाने जिला ठिबकने थेंब थेंब पाजलं
त्या केळीने माझा निरोप
एका घोटात संपवला.

पाचपांडे सर म्हणाले, रिकाम्या गाडीवर पुन्हा घ्या,
आलेख स्वच्छ येईल.
येईल. पण सर, या रस्त्याने
रिकाम्या गाड्या जातात त्या फक्त माघारी.
हे मी बोलले नाही.
मान डोलावली, आणि रात्री नऊला
भरलेल्या गाडीतच जाऊन बसले.
मागे बोलेरो, वाघुळदे चालवत.

फैजपूरच्या अलीकडे एक वळण आहे,
दोन्ही बाजूंना बाग, भिंतीसारखी.
समोरून आलेल्या ट्रकने दोनदा डिपर मारला,
खिडकीतून हात काढून पंजा खाली दाबला.
जुम्माभाईंनी गिअर उतरवला.
वळणामागे कपाशीची ट्रॉली, आस मोडलेली,
ना दिवा, ना रेडियम,
मागे चार दगड आणि एरंडाची फांदी.

कसं कळलं?
"समोरच्यानं सांगतलं ना, ताई.
तुमचा डबा काय म्हने?"

डबा काही म्हणत नव्हता.
ट्रॉलीत डबा नव्हता, त्या ट्रकमध्येही नव्हता.
फाइलीत त्या अकरा सेकंदांपुढे
फक्त आमचंच आम्हाला:
मी इथे. मी इथे.

भुसावळला माल उतरवून पहाटे परतलो.
रिकाम्या गाडीतून एकूण एक पाकीट पोचत होतं.
वळणावर ट्रॉली नव्हती.
दगड मात्र तिथेच, रस्त्याच्या मधोमध,
गेलेल्या गोष्टीबद्दल सावध करत.
जुम्माभाईंनी गाडी बाजूला घेतली,
पायाने ढकलत एकेक दगड साइडपट्टीला नेला,
फांदी बागेत फेकली.
"निरोप पोचला का पुसाले पाह्यजे.
नाहीतं पुढचा त्याच्यावरच आपटते."

माझ्या प्रोग्रॅममध्ये धोक्याच्या संदेशाला
तीस मिनिटांचं आयुष्य दिलेलं होतं.
तीस का, ते आता आठवत नाही.

चौथा दगड मोठा होता, मीही उतरले.
हाताला डांबर लागलं, डिझेलचा वास लागला.
दुपारी तो कीबोर्डवर होता,
मी तीसचा आकडा खोडला तेव्हा,
आणि त्या जागी काय लिहावं
ते मला सुचेना.